प्रवासातले गाणे आणि खिशाचा हिशेब

प्रवासात गाणी ऐकायला स्वस्तातले कोणते यंत्र घ्यावे आणि त्याला कोणते इयरफोन जोडावेत, हा प्रश्न वरकरणी बाजारहाटाचा आहे. मूल शिकायला परगावी निघाले, कुणाच्या पदरी रोजचा दोन तासांचा लोकलचा प्रवास आला, की तो घरात निघतो आणि ‘त्यातले कळणाऱ्या’ एखाद्या शेजारच्या तरुणाकडे जातो. त्यात लिहिण्यासारखे काही असेल असे आम्हांलाही पुष्कळ वर्षे वाटले नव्हते. पण या वस्तूंचा इतिहास चाळू लागलो तेव्हा ध्यानात आले की, तो बहुधा शोधकांच्या बाजूने सांगितला जातो : अमुक साली अमुक कंपनीने अमुक यंत्र आणले आणि जग बदलले. जग बदलायचे तर ते यंत्र कुणीतरी विकत घ्यावे लागते. घेणाऱ्यांतले बहुतेक लोक किंमत विचारून, सेल किती दिवस जातो ते विचारून, दोन दुकाने फिरून पुन्हा पहिल्या दुकानात येऊन घेणारे असतात. प्रस्तुत लेख त्यांच्या बाजूने लिहिला आहे. या व्यवहारात आणखी एक पक्ष असतो, ज्याने काहीच विकत घेतलेले नसते. तो म्हणजे शेजारच्या आसनावरचा सहप्रवासी. त्याचीही दखल घेणे भाग आहे.

खिशात मावणाऱ्या ध्वनियंत्रांची कथा १९५४ साली अमेरिकेत सुरू होते. ‘रीजन्सी टीआर-१’ हा चार ट्रान्झिस्टरांचा रेडिओ त्या वर्षी बाजारात आला. किंमत ४९ डॉलर ९५ सेंट, आणि इयरफोन हवा असेल तर त्याचे पैसे निराळे. यंत्र देखणे होते, परंतु त्याला साडेबावीस व्होल्टची खास बॅटरी लागे आणि ती वीसेक तासांत संपे. यंत्र एकदा घ्यायचे असते, बॅटरी मात्र जन्मभर. हा हिशेब गिऱ्हाइकाला शास्त्रज्ञाच्या आधी कळतो. तीन वर्षांनी सोनीचा ‘टीआर-६३’ आला तो ३९ डॉलर ९५ सेंटांना आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा. तो सदऱ्याच्या खिशाहून किंचित मोठा होता. तेव्हा आपल्या विक्रेत्यांसाठी थोडे मोठे खिसे असलेले सदरे आम्ही शिवून घेतले, असे सोनीचे अकिओ मोरिता यांनी आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगितले आहे. यंत्र खिशात बसेना म्हणून खिसाच वाढवणे, ही जाहिरातीची रीत तेव्हापासूनची आहे.

आपल्याकडे ट्रान्झिस्टर आला तेव्हा त्याच्यासोबत परवाना आला. रेडिओ बाळगायचा तर टपाल कचेरीत दरवर्षी शुल्क भरून पुस्तिकेवर शिक्का घ्यावा लागे. ही पद्धत १९८०च्या दशकात संपली. त्या ट्रान्झिस्टरबरोबर कधी कधी एका कानाचा, मळकट गुलाबी रंगाचा इयरफोन मिळे. तो लावलेला माणूस बहिरा आहे असाच लोकांचा समज होई, त्यामुळे तो पेटीतच राही. आणि त्याची गरजही नव्हती. कसोटी सामना चालू असताना एस.टी.त एकाच्या मांडीवर ट्रान्झिस्टर असला की बाळ ज. पंडितांचे मराठी धावते वर्णन आख्खी गाडी ऐके. कंडक्टर तिकिटे फाडता फाडता धावसंख्या विचारी. ज्याच्या मालकीचे यंत्र त्याला त्या प्रवासापुरते थोडे मोठेपण मिळे, इतकेच. हे सारे रम्य होते असे आमचे म्हणणे नाही. ज्याला झोपायचे होते त्याला कुणी विचारत नसे.

यानंतरचा टप्पा कॅसेटचा. फिलिप्सने १९६३ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात ती प्रथम दाखवली आणि पुढे इतर कारखानदारांना विनामोबदला बनवू दिली. ती जगभर एकाच मापाची राहिली आणि स्वस्त झाली याचे मोठे श्रेय त्या निर्णयाला आहे. फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या संथ गतीने सरकते, म्हणून छोट्या डबीत तासभर मजकूर मावतो. मूळ हेतू बोलणे ध्वनिमुद्रित करण्याचा होता. गाणे त्यात नंतर आले.

१ जुलै १९७९ रोजी सोनीने जपानात ‘वॉकमन’ विक्रीस काढला. कंपनीचे सहसंस्थापक मासारू इबुका यांना विमानप्रवासात संगीत ऐकायचे असे, आणि त्यासाठी ते सोनीचेच एक जड, महाग ध्वनिमुद्रक यंत्र वाहून नेत. वार्ताहरांसाठी बनवलेल्या ‘प्रेसमन’ या छोट्या यंत्रातून ध्वनिमुद्रणाचा भाग काढून टाकला, स्टिरिओचा भाग घातला आणि इबुकांचे काम झाले. ज्यात काही मुद्रित करता येत नाही असा टेपरेकॉर्डर कोण घेणार, अशी शंका कंपनीतच होती. किंमत ३३,००० येन ठेवली. कंपनीचे ते तेहेतिसावे वर्ष होते. पहिल्या महिन्यात जेमतेम ३,००० यंत्रे खपली आणि ऑगस्टअखेर ३०,००० यंत्रांचा सगळा पहिला साठा संपला. वास्तविक खरी करामत यंत्रापेक्षा हेडफोनची होती. तोवरचे हेडफोन ३०० ते ४०० ग्रॅमचे, घरात आरामखुर्चीवर बसून लावायचे. वॉकमनसोबतचा हेडफोन पन्नासेक ग्रॅमचा, कानावर फोमची चकती टेकवणारा. डोक्यावर पाव किलोचे ओझे घेऊन लोकलच्या दाराशी कुणी उभे राहिले नसते.

(इथे आंद्रेआस पावेल यांचे नाव न घेणे अन्यायाचे होईल. ब्राझीलमध्ये वाढलेल्या या जर्मन गृहस्थांनी १९७२ सालीच कमरेला बांधायचे स्टिरिओ यंत्र घडवून ते स्वित्झर्लंडच्या बर्फात ऐकून पाहिले होते; १९७७ साली इटलीत एकस्वासाठी अर्जही केला. सोनीशी त्यांचे भांडण २००० नंतर काही वर्षांनी तडजोडीने मिटले.)

त्या पहिल्या वॉकमनची एक गोष्ट आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. त्याला हेडफोनची पिन लावायच्या दोन जागा होत्या. शिवाय एक नारिंगी बटण होते. ते दाबले की गाणे हळू होई आणि लहानशा मायक्रोफोनमधून दोघांना एकमेकांचे बोलणे ऐकू येई. आपण घरी हे यंत्र लावून बसलो तेव्हा पत्नीला वगळल्यासारखे वाटले, एकट्याने संगीत ऐकणे असभ्यपणाचे ठरेल असे मनात आले, म्हणून ही सोय करवली, असे मोरिता सांगतात. गिऱ्हाइकांनी या सोयीकडे ढुंकूनही पाहिले नाही. ज्याने त्याने स्वतःचे यंत्र घेतले. नारिंगी बटण १९८१च्या पुढच्या प्रतिमानात गेले आणि दुसऱ्या पिनेची जागाही हळूहळू दिसेनाशी झाली. शुहेई होसोकावा या जपानी अभ्यासकाने १९८४ साली ‘वॉकमन इफेक्ट’ या निबंधात असे यंत्र लावून चालणाऱ्या माणसाचा विचार केला आहे. त्याच्या मते तो माणूस शहरापासून तुटत नाही, शहराचा रस्ता आपल्या परीने नव्याने रचतो. हे पटण्यासारखे आहे, पण चालणाऱ्या माणसापुरतेच. तिघांच्या बाकावर चौथी सीट घेऊन बसलेल्या माणसाचा विचार त्या निबंधात नाही.

भारतात वॉकमन दुकानातून कमी आणि सामानातून अधिक आला. आखातात नोकरीला गेलेले रत्नागिरी-रायगडकडचे लोक सुट्टीवर येताना टू-इन-वन आणत, एखादा वॉकमन आणत. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मनीष मार्केटात तो पारखून, भाव पाडून मिळे. पुढे नकला आल्या आणि ‘वॉकमन’ हे सामान्यनाम झाले. त्यावर कुणाचे नाव आहे हे कुणी पाहीनासे झाले. याच काळात कॅसेटचा भाव उतरला. गुलशन कुमार यांच्या कंपनीने स्वस्त कॅसेट पानपट्टीपर्यंत पोहोचवली. पीटर मॅन्युएल यांच्या १९९३च्या ‘कॅसेट कल्चर’ या ग्रंथात उत्तर भारताच्या अंगाने ही हकिकत सविस्तर आली आहे. महाराष्ट्राच्या अंगाने ती लिहायची तर प्रल्हाद शिंदे यांच्या भक्तिगीतांपासून आणि भीमगीतांपासून सुरुवात करावी लागेल. मोठ्या कंपन्यांच्या तबकड्यांच्या यादीत ज्या गाण्यांना जागा अपुरी होती, ती कॅसेटवरून वाड्यावस्त्यांत गेली. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसच्या कॅसेटवरून पु. ल. देशपांडे यांचे कथाकथन अमेरिकेतल्या मराठी घरांत आणि मोटारींत पोहोचले. न्यू जर्सीच्या हमरस्त्यावर एकट्याने हसणारे किती चालक त्यापायी दिसले असतील, कोण जाणे.

आमच्या पिढीला वॉकमनची निवड शिकवली ती सेलने. त्याला दोन पेन्सिल सेल लागत. सेल उतरू लागला की यंत्र एकदम बंद पडत नसे. मोटर मंद होई आणि गायकाचा स्वर उतरे. काळी चारमधले गाणे हळूहळू पांढरी पाचवर घसरे, तानेचा वेग सुस्तावे, आणि घाटात झोप लागलेल्या श्रोत्याला वाटे की बाईंनी आज षड्जच खाली लावला आहे. त्यामुळे कॅसेट मागे फिरवण्यासाठी यंत्राचे बटण वापरणे ही चैन समजली जाई. कॅसेटच्या दातेरी भोकात पेन्सिल खुपसून ती हाताने गरगरा फिरवायची, सेल वाचे. जे यंत्र कमी सेल खाते ते चांगले, मग आवाज जरा कमी गोड असला तरी चालेल. हा निकष कोणत्याही नियतकालिकाच्या परीक्षणात आला नाही, पण खरेदी त्यावरच झाली.

यापुढचा प्रश्न मापाचा. कोणत्याही यंत्रात किती वेळाचे गाणे मावते यावर कोणते गाणे टिकते हे ठरते. अब्दुल करीम खाँसाहेबांना ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर राग तीन-साडेतीन मिनिटांत बसवावा लागला. लाँग प्ले तबकडीने एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटे दिली. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासाची, म्हणजे बडा ख्याल रंगात यावा आणि ‘खट्’ असा आवाज होऊन बाजू संपावी. १९९८ साली कोरियातून ‘एमपीमॅन’ आणि त्याच वर्षी अमेरिकेत ‘रिओ पीएमपी ३००’ ही खिशातली एमपी३ यंत्रे आली. रिओची किंमत सुमारे २०० डॉलर आणि स्मृती ३२ मेगाबाइट. त्या काळी रूढ असलेल्या १२८ किलोबिटच्या दर्जाने हिशेब केला तर एक सेकंद गाण्याला १६ किलोबाइट लागतात. म्हणजे ३२ मेगाबाइटांत जेमतेम ३३ मिनिटे. विसाव्या शतकाच्या शेवटी २०० डॉलर मोजून माणूस कॅसेटच्या एका बाजूपाशीच परत येऊन ठेपला होता. फरक एवढाच की हलणारा भाग नसल्याने खड्ड्यांत गाणे अडखळत नसे आणि एकच सेल पुष्कळ तास पुरे.

तरीही अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांची संघटना या चिमुकल्या यंत्राविरुद्ध न्यायालयात गेली. जून १९९९ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने निकाल दिला की, आपल्याजवळच्या संगीताची प्रत दुसऱ्या जागी ऐकण्यासाठी करणे हा खासगी वापर आहे. त्या निकालाने पुढच्या सगळ्या यंत्रांची वाट मोकळी झाली. ऑक्टोबर २००१ मध्ये पहिला आयपॉड आला : पाच गिगाबाइट, एक हजार गाणी, ३९९ डॉलर. तेव्हाच्या विनिमयदराने १९,००० रुपयांच्या घरात, आयातकर सोडून. आपल्या वाचकांतल्या बहुतेकांनी तो आधी छायाचित्रात पाहिला आणि नंतर परदेशातून आलेल्या भाच्याच्या हातात. शास्त्रीय संगीताच्या श्रोत्याला त्यात एक काटा सलत असे. आलाप, जोड, झाला असे तीन तुकडे एकामागून एक लावले की प्रत्येक सांध्यावर क्षणभर शांतता येई. सतारीचा झंकार मध्येच कापला जाई. हा दोष २००६च्या सुमारास दुरुस्त झाला. पाच वर्षे कुणाला त्याची घाई नव्हती, यावरून हे यंत्र कोणत्या संगीतासाठी घडवले होते ते कळते.

आमच्यासारख्यांच्या हाती जे यंत्र आले ते चिनी होते. झुहाई येथील एका कंपनीची स्वस्त चिप वापरून शेकडो नावांनी बनलेली ती प्लास्टिकची बोटभर यंत्रे २००४-०५ पासून पदपथावर दिसू लागली. २००६च्या मे महिन्यात आम्ही त्यांतले एक घेतले. पेटीवर एक गिगाबाइट लिहिले होते. रात्रभर जागून त्यात गाणी भरली. पडद्यावर सगळी नावे व्यवस्थित दिसत होती. दुसऱ्या दिवशी मुंबईहून कोकणात जाणाऱ्या रात्रीच्या गाडीत पनवेल सोडले, आणि चाळीस-पन्नास गाण्यांनंतरची नावे वाजेनात. यंत्रात स्मृती पाव गिगाबाइटच होती. उरलेली जागा असल्याचे ते खोटेच सांगत होते. वस्तू खोटी निघणे आम्हांला नवे नव्हते, परंतु गाण्यांची नावे समोर आणि गाणे नाही, ही फसवणूक निराळ्या जातीची होती. शेजारी लांज्याला उतरणारा एक कॉलेजचा मुलगा होता. आमची खटपट पाहून तो म्हणाला, “काका, द्या सोडून. हे घ्या,” आणि त्याने स्वतःच्या इयरफोनची उजवी बाजू आमच्या हाती दिली. त्याच्याकडे कुमार गंधर्व होते. आमच्या वाट्याच्या कानात तबला भरघोस आणि कुमारजी लांबून कुठूनतरी. दोन बाजूंना वाटलेला स्टिरिओ एका कानाने ऐकला की असेच होते. महाडपर्यंत आम्ही तसे ऐकले. मग त्याने न बोलता बाजू बदलून दिली.

इयरफोनचा मुद्दा इथेच घ्यायला हवा, कारण कमी पैशांत निवड करणारा माणूस नेमका इथे चुकतो. तो पैसे यंत्रात घालतो आणि पेटीत आलेल्या इयरफोनवर भागवतो. फोमच्या चकतीचे किंवा कानाच्या पाळीत अडकवायचे उघडे इयरफोन बाहेरचा आवाज अडवत नाहीत. गाडीची घरघर भरून काढायला आवाज वाढवावा लागतो. त्याने कान बिघडतो, आणि शेजाऱ्याच्या वाट्याला ती ओळखीची ‘छ्यँ-छ्यँ’ येते, कारण झांजेचे तेवढे उंच स्वर बाहेर गळतात. कानाच्या पोकळीत रबरी टोक बसवून बाहेरचा कोलाहल रोखणारे इयरफोन अमेरिकेत १९९१ सालीच आले होते, पण ते उंची, वाद्यवृंदवाल्यांचे. २०००च्या दशकाच्या मध्यास ‘क्रिएटिव्ह ईपी-६३०’सारखे त्याच रचनेचे इयरफोन विद्यार्थ्यालाही परवडतील अशा किमतीला मिळू लागले. आमच्या मते स्वस्त प्रवासी संगीतात खरी क्रांती कुठली असेल तर ती ही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मान्य केलेल्या मानकानुसार प्रौढाने आठवड्याला ८० डेसिबलचा आवाज ४० तास ऐकणे सुरक्षित आहे. दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ८९ डेसिबलला ती पाच तासांवर येते, म्हणजे आठवड्यातून डोंबिवली ते सी.एस.एम.टी. जेमतेम चार फेऱ्या. ज्याच्या रबरी टोकाचे माप कानाला नीट बसले आहे त्याला आवाज वाढवावाच लागत नाही. तेव्हा पेटीतली तिन्ही मापे लावून पाहावीत, तार पिनेच्या मानेशी जाड आहे ना ते पाहावे (ती तिथेच तुटते), आणि रस्ता ओलांडताना दोन्ही काढावेत. अमेरिकेतल्या वुडब्रिज गावाने १९८२ सालीच हेडफोन लावून रस्ता ओलांडण्यास कायद्याने बंदी केली होती. तेव्हा सारे हसले होते.

पुढे फोनने यंत्र गिळले. तालुक्याच्या गावी दहा-वीस रुपयांत मेमरी कार्डात गाणी भरून देणारी दुकाने निघाली. कॅसेट विकणाऱ्यांतले काहीजण त्याच गाळ्यात हा धंदा करू लागले. कॅसेटच्या वॉकमनची विक्री सोनीने जपानात २०१० साली थांबवली, शेवटचा आयपॉड २०२२ साली बंद झाला. २०१७ साली सारेगामाने ५,००० गाणी भरलेली ‘कारवाँ’ ही पेटी काढली. नाव तांड्याचे, पण ती बहुधा आजी-आजोबांच्या उशाशी स्थिरावली. फोनमधून गाणे ऐकायला आता निराळा खर्च नाही, म्हणून इयरफोनही नाही, अशी आजची स्थिती आहे. ध्वनिक्षेपक फोनमध्ये फुकट आलेला असतो आणि डबाभर लोक त्याचे श्रोते होतात. एप्रिल २०२३ मध्ये मुंबईच्या बेस्टने बसमध्ये हेडफोनशिवाय मोठ्याने ध्वनी-चित्रफिती लावण्यास मनाई केली आणि पोलीस कायद्याखाली कारवाईचा इशारा दिला. एका कानाचा गुलाबी इयरफोन लाजेने पेटीत ठेवणाऱ्या समाजाला साठ वर्षांनी तो लावण्याची सूचना सरकारी पाटीने द्यावी लागली. ज्याला चांगले इयरफोन परवडत नाहीत त्याने काय करावे, हे मात्र पाटीवर नसते. आणि दीडशे-दोनशे रुपयांत बरे इयरफोन मिळतात हे त्याला सांगायला सगळीकडे तो शेजारचा तरुणही नसतो.

दुसऱ्या पिनेची जागा २०१९ साली परत आली, वेगळ्या रूपात. अॅपलने एका फोनवर दोन जोड्या बिनतारी इयरफोनांची सोय केली. दोघांनी एकच गाणे, प्रत्येकाने दोन्ही कानांनी ऐकावे अशी. मोरितांना जे १९७९ साली हवे होते तेच, फक्त दोघांजवळ त्याच घराण्याचे महाग इयरफोन असायला हवेत. आमच्याजवळ लॅमिंग्टन रोडवरून घेतलेली, एका पिनेच्या दोन पिना करणारी वीतभर तार आहे. लांज्याच्या त्या मुलाची आठवण ठेवून ती घेतली होती. नव्या फोनला पिनेचे भोकच नाही, म्हणून सध्या ती जुन्या फोनसोबत प्रवासाच्या पिशवीत असते, आणि गाडीत शेजारी कोण येते ते पाहून आम्ही ती बाहेर काढतो किंवा काढत नाही.